डाव कसा कळवावा



बुद्धिबळाविषयी अधूनमधून चार शब्द बोलणाऱ्या माणसाकडे जी पत्रे येतात, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न असतो : 'येथून मात कशी करावी?' प्रश्न सरळ असतो, विचारणाऱ्याची तळमळही खरी असते. परंतु 'येथून' म्हणजे कोठून, एवढेच पत्रात नसते. "माझ्याकडे वजीर व घोडा आहे, प्रतिपक्षाचा राजा कोपऱ्यात सापडला आहे, तरी मात होत नाही. कृपया मार्ग सुचवावा." एखाद्या वैद्याला पोस्टाने 'पोटात दुखते' एवढेच कळवून औषध मागवावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून मात कशी करावी हे आज मी सांगणार नाही. मात विचारावयाची झाल्यास पटावरील स्थिती दुसऱ्याला कशी कळवावी, एवढ्यापुरतेच बोलणार आहे. ह्या विषयाला निमित्त झाले ते एका पत्राचे.

गेल्या आषाढात बेळगावकडील एका गावाहून एका सेवानिवृत्त गुरुजींचे पत्र आले. तीस वर्षे ते आणि त्यांचे एक शेजारी रोज संध्याकाळी ओसरीवर पट मांडून बसत. एके दिवशी डाव ऐन रंगात असताना आतून जेवणाची हाक आली. शेजाऱ्यांनी उठता उठता पटावर नजर टाकली आणि ते म्हणाले, "गुरुजी, चार खेळ्यांत मात आहे. उद्या दाखवतो." त्याच रात्री ते गेले. पट तसाच राहिला. घरच्यांनी त्याच्यावर टोपली पालथी घातली. दिवसकार्य झाल्यावर गुरुजींनी टोपली उचलली, आणि तेव्हापासून ते ती मात शोधीत होते. "शेजाऱ्यांना थट्टेची सवय होती," असे त्यांनी लिहिले होते. "ते खरे सांगत होते की मला रात्रभर जागवावयाचा त्यांचा विचार होता, एवढेच मला समजून घ्यावयाचे आहे."

आणि त्याखाली स्थितीचे वर्णन होते : 'काळी मोहरी माझी. माझा राजा कोपऱ्यात, त्याच्याजवळ दोन प्यादी. हत्ती वजिराच्या मूळ घरात. माझा वजीर त्यांच्या मुलखात खोल शिरलेला. त्यांचा घोडा माझ्या राजाच्या अंगावर आलेला, त्यांचा वजीर उंटाच्या चौथ्या घरात. त्यांचा राजा दोन प्याद्यांमागे कोपऱ्यात.'

गुरुजींची भाषा शुद्ध, अक्षर मोत्यासारखे. पण मी पट मांडून बसलो आणि मोहरी ठेवावयास हात उचलला, तेव्हा पहिल्याच मोहऱ्याला हात अडखळला. कोपरे दोन आहेत; कोणता? 'जवळ' म्हणजे पुढे, की शेजारी? घोडा अंगावर आला म्हणजे नेमका कोठे आला? घोड्याच्या बाबतीत एका घराचा फरक म्हणजे आकाशपाताळाचा फरक. आणि 'उंटाचे चौथे घर' हे कोणी मोजलेले? शेजाऱ्यांच्या बाजूने मोजले तर ते एक घर, गुरुजींच्या बाजूने मोजले तर त्याच्या पुढचे दुसरेच.

हा शेवटचा घोटाळा गुरुजींचा एकट्याचा नव्हे. घरांना मोहऱ्यांवरून नावे देण्याची ती जुनी रीत. इंग्रजी पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिच्यावर वाढलेल्या आपल्याकडील खेळाडूंच्या हाडीमांसी खिळली. तिच्यात प्रत्येक घराला दोन नावे असत, एक पांढऱ्याच्या बाजूने व एक काळ्याच्या. स्वतःच्या खेळी स्वतः टिपून ठेवणाऱ्याला ती सोयीची होती, कारण आपापल्या बाजूने मोजावयाचे असे त्याच्या मनात पक्के असे. परंतु स्थिती तिसऱ्या माणसाला कळवावयाची म्हटली, की कोणाच्या बाजूने मोजले हे प्रत्येक ठिकाणी सांगणे आले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ पासून आपल्या स्पर्धांत ही रीत मान्य करणे सोडून दिले.

तिच्या जागी जी आली, ती वास्तविक तिच्याइतकीच जुनी आहे. सीरियातील आलेप्पो शहराचा फिलिप स्टामा नावाचा एक खेळाडू युरोपात गेला आणि १७३७ साली पॅरिसमध्ये त्याने शंभर स्थितींचे एक पुस्तक छापले. त्यात त्याने घरांना मोहऱ्यांची नावे न देता अक्षर व अंक दिले. पांढऱ्याच्या बाजूने बसावे. डावीकडून उजवीकडे उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणावे. आपल्याकडून समोर आडव्या ओळींना १ ते ८ म्हणावे. मग प्रत्येक घराला एकच नाव, पाहणारा कोठेही बसलेला असो. पट योग्य रीतीने ठेवला आहे की नाही, ह्याची खूण अशी की, प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातील घर पांढरे असले पाहिजे. आपल्याकडील जुन्या कापडी पटांवर घरे रंगवलेली नसत, नुसत्या रेघा असत, आणि मोहरी लाल-हिरवी. तसा पट असेल तर मूळ मांडणीत पांढऱ्याचा वजीर राजाच्या डाव्या हाताला असतो, हे ध्यानात ठेवून मोजावे.

स्थिती लिहून ठेवण्याची हौस आपल्याकडेही नवी नाही. १८१४ साली, पेशवाई अजून उभी असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ मूळ संस्कृतातून इंग्रजीत होऊन मुंबईत छापला गेला. त्यातील मुख्य भाग अडचणीच्या स्थितींचाच आहे. आणि त्या ग्रंथाच्या नावातच एक खुलासा केलेला आहे : हे डाव युरोपीय रीतीला जुळवून दिलेले आहेत. हा खुलासा फार शहाणपणाचा होता. देशी रीतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, राजाला शह लागेपर्यंत एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि प्यादे शेवटच्या घरात गेल्यावर कोणते मोहरे होणार हे त्या घरावरून ठरे. ह्या दोन रीतींत एकाच स्थितीची उत्तरे निराळी येतात. आज बहुतेक सगळे आंतरराष्ट्रीय नियमांनीच खेळतात. तरी ज्या घरी आजोबांची रीत चालू असेल, त्यांनी पत्रात तसे लिहावे.

घरांची नावे ठरली, मोहरी मांडली, तरी स्थिती पुरी झाली असे होत नाही. पटाकडे पाहून जी दिसत नाही अशी एक गोष्ट उरते, आणि नेमकी तीच लिहावयाची माणसे विसरतात : खेळी कोणाची? एक अगदी लहान उदाहरण घ्या. जवळ पट असेल तर मांडूनच पाहा. काळ्याचा राजा एकटा, एच ८ ह्या कोपऱ्यात. पांढऱ्याचा राजा एफ ७ वर, वजीर जी ६ वर. बाकी पट रिकामा. खेळी पांढऱ्याची असेल तर वजीर जी ७ वर ठेवताच मात आहे. आणखी दोनतीन घरांवरूनही आहे. पण खेळी काळ्याची असेल तर? त्याच्या राजाला शह नाही, आणि हलावयास घरही नाही. जी ७, जी ८, एच ७ तिन्ही पांढऱ्याच्या माऱ्यात आहेत. ही कुजी झाली, डाव बरोबरीत सुटला. तीच तीन मोहरी, तीच तीन घरे; एक शब्द कमी पडला तर जिंकलेला डाव आणि हातचा गेलेला डाव ह्यांतला भेद सांगता येत नाही. मजकडे येणाऱ्या दहा पत्रांत हा शब्द क्वचित दोघातिघांनी लिहिलेला असतो. बाकीच्यांना तो सांगण्याजोगा वाटतच नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या मनात तो इतका स्पष्ट असतो!

न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. राजा व हत्ती आपल्या मूळ घरांत असतील, तर किल्लेकोट करण्याचा हक्क शिल्लक आहे की नाही. आणि प्रतिपक्षाने नुकतेच एखादे प्यादे दोन घरे सरकवले असेल, तर ते बाजूने जाता जाता मारता येण्याजोगे आहे की नाही. ह्या गोष्टी मागच्या खेळींवर अवलंबून असतात, आणि मागच्या खेळी पट सांगत नाही.

किल्लेकोटाचे एक सुंदर उदाहरण १९१२ साली लंडनला खेळल्या गेलेल्या एका डावातले आहे. एडवर्ड लास्कर पांढरी मोहरी घेऊन सर जॉर्ज टॉमस ह्यांच्याशी खेळत होते. लास्कर ह्यांनी अकराव्या खेळीला आपला वजीर बळी दिला आणि काळ्या राजाला शहामागून शह देत भर पटावरून ओढीत आपल्या पहिल्या ओळीपर्यंत आणले! सतरा खेळ्यांनंतरची स्थिती कोणी आपणांस विचारली असती, तर ती अशी लिहावयास हवी होती. पांढरा : राजा ई १; हत्ती ए १, एच २; उंट ई २; घोडे एफ ६, जी ४; प्यादी ए २, बी २, सी २, डी ४, एफ २, जी ३, एच ४; एकूण तेरा. काळा : राजा जी १, वजीर ई ७, हत्ती ए ८, एफ ८, उंट बी ७, घोडा बी ८, प्यादी ए ७, बी ६, सी ७, डी ७, ई ६, जी ७, एकूण बारा. खेळी पांढऱ्याची.

येथे एका खेळीत मात आहे. लास्कर ह्यांनी राजा डी २ वर सरकवला; तो बाजूला होताच ए १ मधील हत्तीचा शह मोकळा झाला आणि डाव संपला. परंतु त्याच वेळी वजिराच्या बाजूला किल्लेकोट करूनही मात होत होती, हत्ती डी १ वर येऊन. किल्लेकोट करून मात करण्याची संधी जन्मात एकदा येते, ती लास्कर ह्यांनी सोडली म्हणून रसिक आजवर हळहळतात! पण आपला मुद्दा निराळा. ह्या दुसऱ्या उत्तराला उत्तर म्हणता येते ते केवळ एवढ्यासाठी की, त्या डावात पांढऱ्याचा राजा व तो हत्ती तोवर एकदाही हललेले नव्हते. ही गोष्ट पत्रात नसेल तर दुसरे उत्तर देणाऱ्याने देऊ नये.

वरच्या यादीत मी शेवटी मोहऱ्यांची बेरीज सांगितली, ती विनाकारण नव्हे. यादी लिहून झाली म्हणजे पटावरची मोहरी बोटाने मोजावीत आणि बेरीज जुळते का ते पाहावे. राहून जाते ते बहुधा कडेचे एखादे प्यादे, आणि मात अडते तीही बहुधा त्याच प्याद्याने.

ज्यांना यादीचा कंटाळा असेल, त्यांच्यासाठी डेव्हिड फोर्साइथ ह्या स्कॉटिश पत्रकाराने १८८३ च्या सुमारास एक थोडक्यात रीत काढली. पटाच्या वरच्या, म्हणजे आठव्या ओळीपासून आरंभ करावा, प्रत्येक ओळ डावीकडून वाचावी, मोहरे आले की त्याचे अक्षर लिहावे, रिकामी घरे आली की त्यांची संख्या लिहावी. 'तीन रिकामी, काळा हत्ती, तीन रिकामी, काळा राजा' अशी एक ओळ. गंमत अशी की, प्रत्येक ओळीची बेरीज आठच यावयास हवी. न आली तर चूक कोणत्या ओळीत आहे तेही लगेच कळते. आजचे संगणक स्थिती वाचतात ती ह्याच रीतीने. फक्त खेळी कोणाची, किल्लेकोटाचे हक्क कोणते, अशा न दिसणाऱ्या गोष्टी तिला मागाहून जोडलेल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या वार्ताहराची युक्ती यंत्रालाही पुरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दूरध्वनीवरून डाव सांगणाऱ्यांना मात्र एक वेगळाच ताप आहे. बी, सी, डी, ई, जी ही नावे कानाला सारखीच लागतात. पलीकडच्याने 'डी' ऐकले की 'बी', हे तो स्वतःही शपथेवर सांगू शकणार नाही. तारेने खेळणाऱ्यांनी ह्यासाठी पूर्वी प्रत्येक घराला दोन अक्षरांचे संकेत ठरवले होते. १९४५ साली अमेरिका व सोव्हिएट रशिया ह्यांच्यात रेडिओवरून सामना झाला तोही अशाच संकेतांनी. पत्रद्वारे खेळणारे तर अक्षरे टाळून उभ्या ओळींनाही अंकच देतात : ई २ वरून ई ४ वर म्हणजे 'बावन्न-चौपन्न'. मराठी माणसाने फोनवर हीच रीत वापरावी असे माझे मत आहे. आपल्या अंकांची नावे इतकी वेगवेगळी आहेत की ती ऐकण्यात चूक व्हावयाची नाही. एकोणसाठ-एकोणसत्तरचा गोंधळ येथे उद्भवतच नाही, कारण नऊचा आकडाच पटावर नाही.

आता गुरुजींकडे वळतो. मी त्यांना उत्तर लिहिले, ते उत्तर नव्हतेच, चार प्रश्न होते. घरांची नावे घालण्याची रीत कागदावर काढून पाठवली आणि विचारले : प्रत्येक मोहरे कोणत्या घरात? एकूण किती? तुमच्या राजापुढचे प्यादे एच ७ वर आहे की एच ६ वर? आणि खेळी कोणाची होती? शेवटचा प्रश्न लिहिताना जरा जड गेले, कारण ज्यांना तो नेमका ठाऊक होता त्यांतले एक आता नव्हते.

आठ दिवसांत पत्र आले. पांढरा : राजा एच १, वजीर सी ४, घोडा जी ५, प्यादी जी २ व एच २; एकूण पाच. काळा : राजा एच ८, वजीर बी २, हत्ती डी ८, प्यादी ए ७, जी ७, एच ७, एकूण सहा. 'खेळी कोणाची हे मला प्रथम आठवेना,' गुरुजींनी लिहिले होते. 'पण टोपलीखाली पटाच्या कडेला एक पांढरे प्यादे निराळे पडलेले आहे. बाकीची मेलेली मोहरी डब्यात आहेत. मी वजिराने बी ६ वरून येऊन बी २ वरचे प्यादे मारले, ते डब्यात टाकण्यापूर्वी जेवणाची हाक आली. तेव्हा खेळी त्यांची.'

एवढे कळल्यावर मात सापडावयास पाच मिनिटेही लागली नाहीत. घोडा एफ ७ वर, शह. राजाला जी ८ वर येण्यावाचून गत्यंतर नाही. घोडा एच ६ वर, आणि हा दुहेरी शह आहे, घोड्याचा व त्याच्या मागून मोकळ्या झालेल्या वजिराचा. म्हणून जी ७ च्या प्याद्याने घोडा मारून भागत नाही. राजा एफ ८ वर गेला तर वजीर एफ ७ वर मात करतो. म्हणून तो परत एच ८ वर. आता वजीर थेट जी ८ वर! त्याला घोड्याचा जोर असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही, हत्तीनेच मारावे लागते. आणि हत्ती तेथे येऊन बसला की घोडा पुन्हा एफ ७ वर, आणि आपल्याच माणसांच्या गराड्यात राजाला मात. बरोबर चार खेळ्या. ही युक्ती १४९७ साली छापलेल्या ल्युसेनाच्या स्पॅनिश पुस्तकातही आहे; शेजाऱ्यांनी ती वाचली होती की स्वतः शोधली होती, कोण सांगणार?

पहिल्या पत्रावर विसंबलो असतो तर काय झाले असते, तेही पाहून ठेवण्याजोगे आहे. पांढरा वजीर सी ४ ऐवजी सी ५ वर मानला, तर जी ८ कडे जाणारी तिरपी ओळच त्याच्या हाती नाही. दुहेरी शह होत नाही आणि प्यादे घोड्याला खाऊन टाकते. काळे प्यादे एच ७ ऐवजी एच ६ वर मानले, तर पहिल्याच शहाला राजा एच ७ वर निसटतो. मग पांढऱ्याने मोहाने घोड्याकडून हत्ती मारला तर काळा वजीर बी १ वर शह देऊन उलट त्यालाच मात करतो. आणि खेळी काळ्याची मानली असती, तर काळा हत्ती डी ८ वरून सरळ डी १ वर उतरतो. पांढऱ्याने वजीर एफ १ वर आडवा घातला की हत्ती त्याला मारतो, आणि दोन खेळ्यांत मात, गुरुजींची.

हे शेवटचे मांडून पाहताना माझा हात थांबला. हत्ती त्याआधीच्या खेळीलाही डी ८ वरच होता. डी ओळ तेव्हाही मोकळी होती. म्हणजे बी २ चे प्यादे मारण्याऐवजी गुरुजींनी हत्ती खाली आणला असता, तर दोन खेळ्यांत डाव त्यांचाच होता. एका प्याद्यापायी तो गेला.

हे कळवावे की नाही, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. त्यांनी विचारले होते ते एवढेच, की शेजारी खरे बोलले होते का. पण ज्याने मोहऱ्यांची बेरीजसुद्धा दोनदा तपासून लिहिली त्याला अर्धे उत्तर पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही. दोन्ही गोष्टी लिहिल्या.

त्यांचे कार्ड आले ते असे : 'चारी खेळ्या दोन्ही बाजूंनी मीच खेळून पाहिल्या. बरोबर आहेत. हत्तीचेही पाहिले. त्यांना तो धोका दिसला असला पाहिजे, कारण माझा हात वजिराकडे जाईपर्यंत ते नेहमीप्रमाणे गुणगुणत नव्हते. काल मोहरी डब्यात भरली. नातवाला ए पासून एच पर्यंत घरांची नावे शिकवीत आहे.'